चावत नाही ना?

जोडा कुठे चावतो ते घालणाऱ्यालाच ठाऊक, या एका म्हणीवर दत्तप्रसादची अकरा वर्षं भाकरी चालली होती. कुमठेकर रस्त्यावरच्या बुटांच्या दुकानात तो गिऱ्हाइकाच्या पायात बूट चढवायचा, नाडी बांधायचा आणि गुडघ्यावर बसल्या बसल्या मान वर करून विचारायचा, "चावत नाही ना?" समोरचा "नाही" म्हणाला की विषय संपला. पाय मापायची लोखंडी पट्टी कोपऱ्यात धूळ खात पडली होती. पट्टीला काय कळतं, पाय ज्याचा त्याला विचारावं, असं तो नव्या सेल्समनना ऐटीत सांगायचा. त्याच्या हातून गेलेला जोड सहसा परत येत नसे, त्यामुळे त्याची ऐट मालकही खपवून घेत.

बुधवारी सकाळी मंदाकिनीबाई दुकानात आल्या. नारायण पेठेत राहणाऱ्या, गणिताच्या निवृत्त शिक्षिका; हे त्यांनी स्वतःच सांगितलं, म्हणजे उगाच हिशेबात गडबड करू नये असा त्यात इशारा होता. दुकानाच्या दोन पायऱ्या चढून त्या तरातरा स्टुलापाशी येऊन बसल्या, तेव्हा त्यांच्या डाव्या पायात चप्पल नव्हती. ती पहिल्या पायरीवरच राहिली होती. दत्तप्रसादनं ती उचलून आणली.

"अगंबाई, पडली होय?" त्या म्हणाल्या. "हल्ली फार लबाड झालीय ती. सांगतसुद्धा नाही."

दत्तप्रसाद हसला. हसण्यासारखंच होतं ते.

"आधीच सांगते, मला पळायचं नाहीये," बाई म्हणाल्या. "चालायचंय. पळायचे बूट चालायला चालतात, का त्याला वेगळी परवानगी लागते?"

"उलट चालणाऱ्यांनाच जास्त लागतात काकू. पळणारा तासभर घालतो, आपण दिवसभर. हे बघा, टाचेखाली केवढा मऊ सोल आहे." त्यानं बूट फरशीवर दाणकन आपटून दाखवला. "हादरा गुडघ्यापर्यंत जातच नाही."

"हादऱ्याचं मला सांगू नका. आमच्या घराखाली पिठाची गिरणी आहे. पूर्वी ती सुरू झाली की फरशी अशी थरथरायची, की पायाला गुदगुल्या व्हायच्या. हल्ली त्यानं मशीन बदललेलं दिसतंय, काही जाणवत नाही." मग त्या जरा पुढे झुकल्या. "रविवारी मला सत्तर पूर्ण होतात. दर वाढदिवसाला मी सिंहगड पायी चढते. ह्यांचं म्हणणं, यंदा गाडीनं जाऊ. मी म्हटलं, तुम्ही या गाडीनं, माझ्या चपला घेऊन."

दत्तप्रसादनं सहा नंबर काढला. बाईंनी पाय घातला आणि नाक मुरडलं.

"सैल आहे."

"काकू, अंगठ्याच्या पुढे बोटभर जागा लागतेच. गड उतरताना पाय पुढे सरकतो."

"सैल बुटात पायात काही आहे असं वाटतच नाही मला. पाच द्या. चाळीस वर्षं पाच घालतेय. माझा पाय काही नोकरीला नाही, बढती मिळायला."

"शुगर वगैरे काही?" त्यानं विचारायचं म्हणून विचारलं. सगळ्याच वयस्कर गिऱ्हाइकांना तो विचारायचा.

"बॉर्डरवर आहे. बारा वर्षं बॉर्डरवरच आहे."

पाच नंबर चढला, पण करंगळीपाशी बुटाचं कापड फुगलं. ते दत्तप्रसादला दिसलं. अकरा वर्षांत त्याच्या डोळ्यांना एवढं तरी कळत होतंच. पण त्याचा डोळ्यांपेक्षा आपल्या प्रश्नावर विश्वास जास्त.

"चावत नाही ना?"

"छे! अजिबात नाही." बाई उभ्या राहिल्या, चार पावलं चालल्या. "कापसावर चालल्यासारखं वाटतंय."

दत्तप्रसादची छाती फुगली. मऊ, हलकं, आरामशीर असं सगळेच म्हणतात. पण कापसावर चालल्यासारखं, हे असं नेमकं कुणी म्हणालं नव्हतं. त्यानं मनातल्या मनात ते वाक्य पुढच्या गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवलं.

घालून पाहिलेला जोड मात्र बाईंनी नाकारला. "ह्यात दहा जणांनी पाय घातलेत. मला सीलबंद द्या. आणि उघडू नका, उघडायला मला घरी हात आहेत." त्यानं पाच नंबरचा खोका तसाच बंद त्यांच्या स्वाधीन केला. काउंटरवरच्या शेफालीनं बिलासाठी मोबाईल नंबर विचारला, तेव्हा तर बाईंनी चष्म्यावरून असं पाहिलं की ती पोर आपलं शाळेतलं सगळं आयुष्य आठवून बसली.

"नंबर कशाला? बूट पायात घालायचेत, त्यांच्याशी फोनवर बोलायचं नाहीये."

"मॅडम, ऑफर्सचे मेसेज येतात."

"म्हणूनच देत नाही."

झालं. नाव मंदाकिनी, नंबरची जागा रिकामी, असं बिल घेऊन बाई गेल्या.

शनिवारी दुपारी दोन वाजता दत्तप्रसाद दुकानामागच्या गोदामात डबा उघडून बसला आणि त्यानं आईला फोन लावला. आई, कौशल्या, विदर्भातल्या कारंज्याजवळच्या गावात त्याच्या बहिणीपाशी राहते. मागच्या दिवाळीत शुगरपायी तिच्या डाव्या पायाचा अंगठा काढावा लागला होता. ऐन सीझनमध्ये दत्तप्रसादला रजा मिळाली नव्हती. तो पोचला तेव्हा जखमेवरची पट्टीसुद्धा आकारानं अर्ध्यावर आली होती. तेव्हापासून तो दर शनिवारी फोन करायचा आणि काही तरी गमतीचं सांगून आईला हसवायचा. अंगठ्याचा विषय दोघंही टाळत. त्या दिवशी त्यानं मंदाकिनीबाईंची गोष्ट काढली. चप्पल सांगतसुद्धा नाही म्हणाली, पाय नोकरीला नाही म्हणाली, नंबर दिला नाही. आई खुदुखुदु हसत होती.

"आन् बूट घातल्यावर काय म्हने मालूम? कापसावर चालल्यावानी वाटते म्हने!"

पलीकडून हसू थांबलं.

"माय? आयकून राह्यली ना?"

"दत्ता," आई सावकाश म्हणाली, "मलेबी तसंच वाटे रे. बोट कापाच्या आंधी, वरीसभर."

"बुटात?"

"कायचे बूट बापा? अनवानीच. घरात, आंगनात, वावरात. कापूस आंथरल्यावानी. मी म्हनो, पाय लय हलके झाले. पायातली वहान गळून पडे तं समजे नाई. कोनाले सांगाव? दुखत तं नव्हतंच काई."

दत्तप्रसादच्या हातातली पोळी हातातच राहिली.

लबाड चप्पल. न थरथरणारी फरशी. सैल बुटात पाय नसल्यासारखा वाटतो म्हणून मागून घेतलेला पाच नंबर. सगळं त्या बाईनं त्याला तोंडानं सांगितलं होतं, एकेक करून, आणि तो गुडघ्यावर बसून दात काढत होता. आणि कापूस! ती बुटाची तारीफ करत नव्हती. तिला फरशीसुद्धा कापसाचीच लागत असणार. त्या पायात त्यानं एक नंबर लहान बूट घातला होता आणि वर तिलाच विचारलं होतं, चावत नाही ना. उद्या रविवार. उद्या ती त्या बुटांत गड चढणार आणि उतरणार.

आईच्या बाबतीत कुणालाच काही ठाऊक नव्हतं. इथे मात्र ठाऊक असलेला माणूस पुण्यात एकच होता आणि तो गोदामात डबा खात बसला होता. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. डबा तसाच टाकून तो बाहेर आला आणि त्यानं बिलाची प्रत काढली. नाव मंदाकिनी, नंबरची जागा रिकामी.

मालक रावसाहेब गल्ल्यावर बसले होते. दत्तप्रसादनं दोन वाक्यांत सगळं सांगितलं.

"म्हणजे विकलेला जोड परत आणायला तू तिच्या घरी जाणार?" रावसाहेबांना नीट कळलंय की नाही याची ते स्वतःच खात्री करून घेत होते. "अरे, परत करायला लोक येतात तेव्हा आपण लपतो! आणि आज शनिवार आहे. चारनंतर इथे उभं राहायला जागा नसते."

"तिचा पाय जाईल मालक."

"तू डॉक्टर आहेस?"

"नाही. पण माझ्या आईचा अंगठा गेलाय."

रावसाहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. पण शनिवार तो शनिवारच. "जा. पण मग सोमवारीच ये. आणि आल्यावर बोलू आपण," ते म्हणाले. त्या 'बोलू'चा अर्थ दत्तप्रसादला चांगला कळला आणि तरीही तो पायऱ्या उतरला.

नारायण पेठ काही काळं पाणी नाही, चालत दहा मिनिटांवर. पण पत्ता एवढाच की खाली पिठाची गिरणी आहे, आणि दुपारी पेठेतल्या गिरण्या बंद. उन्हानं रस्ता तापला होता. पहिल्या गिरणीच्या वर स्पर्धा परीक्षेची पोरं राहत होती. मंदाकिनी म्हटल्यावर त्यांनी त्याला नदीची माहिती सांगितली. दुसऱ्या गिरणीच्या वर कुलूप. शेजारच्या आजोबांनी "कोण हवंय, कशाला हवंय, आधी फोन का नाही केला" या क्रमानं तीन प्रश्न विचारले आणि एकाचंही उत्तर न ऐकता खिडकी लावून घेतली. तिसरी गिरणी गेल्या वर्षीच बंद पडली होती, तिथे आता मोबाईलचे कव्हर मिळत होते. साडेतीन वाजून गेले. आई कशी वर्षभर हलक्या पायांनी हिंडली असेल, ते त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना.

शेवटी एका बोळाच्या तोंडाशी इस्त्रीवाला दिसला. शंभू त्याचं नाव. गाडीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलंच होतं.

"मंदाकिनीबाई? गणिताच्या?" शंभूनं इस्त्री उभी केली. "नववीत नापास केलं होतं मला. दोन मार्कांनी! त्या समोरच्या गिरणीच्या वर, पहिला मजला. पण लवकर जा. चार वाजता सारसबागेत फेऱ्या मारायला निघतात. उद्या गडावर जायचंय ना, प्रॅक्टिस चाललीय चार दिवस. नवे बूट घेतलेत."

"घातले का त्यांनी?"

"घातले का म्हणजे? पायातून काढतच नाहीत. बूट रुळायला पाहिजेत म्हणे. आज सकाळी मात्र जरा लंगडत होत्या. मी म्हटलं, बाई, पाय दुखतोय का? तर म्हणाल्या, मी लंगडत नाही, तुझे डोळे तपासून घे."

दत्तप्रसाद धावतच सुटला. जिना चढताना त्याचा श्वास वर आला होता. बेल वाजवली. दार उघडलं ते मंदाकिनीबाईंचे यजमान श्यामसुंदर यांनी. हातात पेपर, अंगात बनियन, पाय अनवाणी.

"आम्हाला काही घ्यायचं नाहीये," ते म्हणाले.

"मी विकायला नाही आलो काका. मागायला आलोय. बूट."

असं वाक्य श्यामसुंदर यांनी पंचाहत्तर वर्षांत ऐकलं नसावं. त्यांनी मागे वळून हाक मारली, "अगं, तुझे बूट कुणाला तरी हवेत."

मंदाकिनीबाई बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून सकाळपासून पायात असलेल्या बुटांच्या नाड्या पुन्हा आवळत होत्या. त्यांनी दत्तप्रसादला ओळखलं. "अरे वा. नंबर दिला नाही म्हणून घरापर्यंत आलात? ऑफर फारच मोठी दिसतेय."

दत्तप्रसादनं दारातच आपले बूट काढले आणि मोज्यांवर आत आला. काय बोलायचं ते त्यानं वाटेत ठरवलं होतं. ते सगळं विसरलं. "काकू, ते बूट काढा. माझं चुकलं. तुम्हाला लहान होतात ते. आणि ते चावत असले तरी तुम्हाला कळणार नाही."

"मला कळणार नाही आणि तुम्हाला कळेल? पाय माझा आहे, अजून तरी."

"माझ्या आईला कळलं नाही. तिचा अंगठा गेला."

"वाईट झालं," बाई म्हणाल्या, आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं. "पण तुमच्या आईची शुगर असेल हाताबाहेर. मला उशीर होतोय." त्या उठल्या. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले होते.

तेवढ्यात खाली गिरणी सुरू झाली.

आधी पट्टा फिरल्याचा आवाज आला आणि मग मोज्यांतून दत्तप्रसादच्या तळव्यांना फरशीची थरथर लागली. बारीक, सलग, थेट पोटऱ्यांपर्यंत चढणारी. तो जागच्या जागी उभा राहिला.

"काकू, गिरणीवाल्यानं मशीन बदललंय म्हणालात ना?"

"हो. का?"

"कुणी बदललं?" श्यामसुंदर पेपरमागून म्हणाले. "तेच आहे, त्याच्या आजोबांच्या काळातलं. रोज चार वाजता माझा चहा हिंदकळतो. आत्ता नाही का फरशी नाचतेय?"

मंदाकिनीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग खाली फरशीकडे पाहिलं. "बुटांमुळे," त्या म्हणाल्या. "मऊ आहेत ना."

"मग उजवा काढून बघा," दत्तप्रसाद म्हणाला.

बाईंनी उजवा बूट काढला, मोजा काढला आणि पाय फरशीवर टेकवला. थांबल्या. टाच दाबली, मग चवडा. टेबलावरच्या पाण्याच्या भांड्यात गोल गोल लहरी उठत होत्या आणि बाई त्या भांड्याकडे पाहत होत्या.

"मला नुसता आवाजच येतोय," अखेर त्या म्हणाल्या.

श्यामसुंदर यांनी पेपर खाली ठेवला.

पस्तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाई. सिद्ध झाल्याशिवाय मानणार नव्हत्या. त्या खुर्चीत बसल्या, पाय पुढे केला आणि डोळे घट्ट मिटून घेतले. "बोटांना हात लावा. कुठल्या बोटाला ते मी सांगते."

दत्तप्रसाद गुडघ्यावर बसला, दुकानात बसायचा तसाच. त्यानं अंगठा चिमटीत धरला.

"लावा ना," बाई म्हणाल्या.

त्यानं चिमूट घट्ट केली.

"अहो, लावा की. वेळ काय घालवताय?"

"लावलाय काकू," दत्तप्रसाद म्हणाला. "मघापासून लावलाय."

बाईंनी डोळे उघडले. आपला अंगठा त्याच्या बोटांत पाहिला. त्यांचा चेहरा पांढरा पडला. श्यामसुंदर खुर्चीमागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात तेवढा त्यांना जाणवला, कारण त्यांनी तो घट्ट धरला.

डावा बूट सहज निघेना. दत्तप्रसादनं नाडी पार मोकळी केली, जीभ मागे ओढली आणि टाच धरून हलक्या हातानं बूट सोडवला. मोज्याचं टोक तपकिरी होऊन कडक झालं होतं. बुटात हात घातला, तर पुढच्या टोकाशी त्याच्या बोटांना काही तरी टणक लागलं. त्यानं ते ओढून काढलं. नव्या बुटाचा आकार दबून बिघडू नये म्हणून कंपनी पुढे पुठ्ठ्याचा साचा घालते, त्याचा तो फाटका तुकडा होता, सुपारीच्या खांडाएवढा, एका बाजूनं धारदार. बाईंनी खोका उघडून साचा ओढून काढला असेल, तेव्हा अर्धा आत राहिला. दुसऱ्या कुणाच्याही पायाला पहिल्या पावलाला तो टोचला असता आणि त्या माणसानं बूट झटकून दुकानाला दोन शिव्या घातल्या असत्या. मंदाकिनीबाई त्याच्यावर चार दिवस चालल्या होत्या.

पाणी लावून मोजा उतरवला. अंगठ्याच्या टोकाला रुपयाएवढी जखम होती, कडा पांढऱ्या, मधे ओली. श्यामसुंदर यांनी तोंड फिरवलं.

"दुखत नाही तुला?" त्यांनी विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. आपल्या पायाकडे त्या असं पाहत होत्या, की तो कुणी तरी त्यांच्याकडे सांभाळायला ठेवून गेला असावा. "अहो, हे केव्हापासून? मला काहीच कसं नाही..." आणि त्या रडायला लागल्या. दत्तप्रसादला वाटलं, आपली आई गावी त्या दिवाळीत अशीच रडली असेल, आणि आपण इथे लोकांच्या पायात बूट चढवत होतो.

"चूक माझी आहे काकू. खोका मी उघडून बघायला पाहिजे होता. करंगळीपाशी फुगलेलं मला दिसलं होतं."

बाईंनी पदरानं डोळे पुसले. "सीलबंद मी मागितलं होतं," त्या म्हणाल्या. "पाच नंबरही मीच मागितला होता. तुमची चूक तेवढीच, की तुम्ही माझं ऐकलंत." मग त्यांनी दीर्घ श्वास घेतला. "अहो, रिक्षा बोलवा. आणि उद्याचं सगळ्यांना नाही म्हणून कळवा."

रिक्षात दत्तप्रसादनं आईचा फोन आणि तिचा कापूस, सगळं सांगून टाकलं. डॉक्टर त्यांच्या रोजच्याच ओळखीचे. त्यांनी जखम साफ केली, संवेदना तपासायचा थरथरणारा काटा पायाला लावून पाहिला. मग म्हणाले, उद्या गड चढला असतात तर पुढच्या आठवड्यात मी अंगठा वाचवायच्या गोष्टी करत बसलो असतो. आज मी पट्टीच्या गोष्टी करतोय.

पट्टी सहा आठवडे चालली. रावसाहेब सोमवारी दत्तप्रसादशी बोलले ते एवढंच, "वाचला का पाय?" वाचला म्हटल्यावर ते गल्ल्यामागे वळले आणि पुन्हा विषय काढला नाही. दत्तप्रसादनं कोपऱ्यातली लोखंडी पट्टी काढून घासूनपुसून स्टुलाशेजारी ठेवली. आता प्रत्येक जोडाच्या आत तो आधी स्वतःचा हात घालायचा, थेट टोकापर्यंत. बुटातला मऊ तळवा बाहेर काढून त्यावर गिऱ्हाइकाला उभं करायचा आणि बोटं कडेबाहेर सांडतात का ते डोळ्यांनी पाहायचा. शेफाली म्हणायची, एवढा वेळ लग्नाला मुलगी बघताना नाही लावत लोक.

सातव्या आठवड्यात मंदाकिनीबाई आल्या. पायऱ्या सावकाश चढल्या, खाली बघत. मागे श्यामसुंदर, हातात पिशवी.

"संध्याकाळी आलेय मुद्दाम," त्या स्टुलावर बसत म्हणाल्या. "पाय संध्याकाळी सुजतात, तेव्हाचं माप खरं, असं डॉक्टर म्हणाले. हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं काकू."

"मग त्या सकाळी मला हाकलायला हवं होतंत."

दत्तप्रसादनं दोन्ही पाय मापले. सहा नंबर, रुंद. बुटात हात घालून पाहिला, तळव्यावर त्यांना उभं केलं, बोटांपुढची जागा अंगठ्यानं दाबून बघितली, टाचेमागे बोट सरकवून पाहिलं. मग नाडी बांधली आणि गप्प राहिला. बाई वाट बघत होत्या.

"आज विचारलं नाहीत? चावत नाही ना म्हणून?"

"तो प्रश्न सोडला मी."

"बरं केलंत. आमच्याकडे आता रोज सकाळी हे माझ्या बुटात हात घालून बघतात, आणि रात्री माझे तळवे. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली, पहिल्यांदाच माणसानं घरातल्या एका कामाला हात लावलाय."

श्यामसुंदर यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "पुढच्या वर्षी गड," ते म्हणाले. "मी गाडीनं."

काउंटरवर शेफालीनं बिल करायला घेतलं आणि नंबरची जागा गुपचूप सोडून दिली. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"नंबर घ्या माझा," त्या म्हणाल्या. त्यांनी दहा आकडे सांगितले, सावकाश, शाळेत पाढा सांगावा तसे. मग त्या दत्तप्रसादकडे वळल्या. "आता तुमच्या आईचा द्या."

"आईचा? कशाला काकू?"

"तिनं सांगितलं म्हणून तुम्ही आलात. मला तिच्याशी बोलायचंय."

"तिची बोली जरा गावाकडची आहे..."

"माझी पेठेतली आहे. दोघी सांभाळून घेऊ."

त्यानं आईचं नाव आणि नंबर सांगितला. बाईंनी तिथेच, काउंटरला टेकून फोन लावला. पलीकडून आईचा मोठ्यानं बोलायच्या सवयीचा "हालो" दत्तप्रसादला सुद्धा ऐकू आला.

"कौशल्याबाई ना? नमस्कार. मी पुण्याहून मंदाकिनी बोलतेय, कापसावर चालणारी," बाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज खाली आला. "तुमचे पाय कसे आहेत हो आता?"

दत्तप्रसाद मोकळा खोका हातात धरून उभा राहिला. अकरा वर्षांत त्यानं हजारो पाय हातात घेतले होते, दर शनिवारी आईला हसवलं होतं. पण हा प्रश्न आपण तिला कधी विचारला होता, ते त्याला आठवेना.